एका मॅग्नेटोच्या दोन मोटारी

उंद्री, ता. ११ एप्रिल १९४३

कय्यूम्या,

सलाम घे अन् सोबत पाठीत एक धपाटाही घे. धपाटा कशाचा ते खाली लिवलं आहे.

काल किसनकाकानं मले खामगावले धाडलं. म्हने, "उकंड्या, लढाई काही सरत नाही. विलायतेहून नवा माल बंद. कापसाच्या जिनाच्या मागच्या कबाडवाल्याकडे आपल्यासारखीच एक मोटार मोडाले आली म्हनते. जे भेटन ते जुनं-पुरानं घेऊन ये. रिकाम्या हातानं आला तं जेवाले नाही." मी गेलो. त्या मोटारीचं काय उरलं होतं, सांगू? भोंग्याचं रबर. निसतं रबर! बाकी सारं म्हने रोहिणखेडच्या भगवानराव देशमुखाचा मिस्त्री परवाच पोत्यात भरून घेऊन गेला.

म्हंजे तू. चौथीत माह्या पाटीवरून गनितं उतरवाचा, म्हून दोघंही नापास झालो. आता मोटारी उतरवते काय बे?

तुह्या देशमुखाले अन् माह्या काकाले एकच रोग आहे. सख्ख्या बहिनीचे नवरे, साडू. एकाच दिवशी नागपूरहून एकाच रंगाच्या दोन मोटारी घेऊन आलते. अन् सात वर्षांपासून एकमेकाचं तोंड पाहत नाहीत, तेही मोटारीच्याच पायी. तू त्या लग्नात नव्हता, मी होतो, म्हून सांगतो. साळ्याचं, रामरावचं लग्न. नवरदेव कोनाच्या मोटारीत बसन यावर सासऱ्याच्या गल्लीत दोन्ही मोटारी नाकाले नाक लावून उभ्या राह्यल्या. एक घंटा निसते भोंगे वाजले. वाजंत्रीवाले कंटाळून चहा प्याले गेले. शेवटी नवरदेव पायी मांडवात गेला. तवापासून एक साडू खामगावले सासऱ्याकडे गेला का दुसरा जात नाही. गोजरकाकू अन् तुह्यी सत्यभामाबाई, दोघी बहिनीची सात वर्षांत भेट नाही. गोजरकाकू कधी बोलत नाही, पन कोनी खामगावहून आलं का आधी इचारते, "रोहिणखेडचं काही?"

असो. काकाच्या मोटारीचा मॅग्नेटो मेला. मॅग्नेटो म्हंजे इंजिनात ठिनगी पाडनारा डबा. तुले काय सांगाचं, पन मले कालच समजलं म्हून लिवून टाकलं. तो मेला का मोटार म्हंजे छपराची खाट. मागच्या महिन्यात घाटीत बैल जुपून वढली. पुढं बैल, आत काका फेटा बांधून चाक फिरवत, मागं सारे पोट्टे. काकू म्हने मोडीत घाला. काका म्हने, "भगवानरावची चालते तंवर माह्यी चालली पाह्यजे."

बाकी सामानाची काही कमी नाही. काकानं जिकडून तिकडून जमा करून ज्वारीची एक कनगी भरली आहे. ज्वारीत खुपसून ठेवलं का लोखंडाले ओल लागत नाही म्हने. वरून कडुनिंबाचा पालाही टाकला. काकू म्हने, "काऊन हो, लोखंडाले सोंडे लागते काय?" काका म्हने, "लागले तं?" परवा पाहुन्याच्या भाकरीत बोल्ट निघाला. काकानं तो पुसून परत कनगीत टाकला. पाहुना उपाशी गेला.

तुह्यापाशी मॅग्नेटो आहे का ते लिव.

तुह्या,
उकंडा


रोहिणखेड, ता. १९ एप्रिल १९४३

उकंड्या यार,

सलाम. धपाटा पोचला. उर्दू शाळेत मास्तर लय मारे म्हून मी मराठी शाळेत आलतो, तं तिथं तू भेटला. माह्यं नशीबच तसं.

कसम से, तुह्या काकासाठी तो माल आहे हे मले ठाऊक नव्हतं. मले देशमुखसाहेब म्हनले, "कय्यूम, पुरं उचल, खिळाही सोडू नको," मी उचललं. त्याईनं ते सारं माडीवर पलंगाखाली ठेवलं. त्याच पलंगावर झोपते. कुशीवर वळले का खाली काहीतरी ठन्न वाजते, मंग उठून मोजते.

आता ऐक, हसू नको. आमची मोटारही बंद आहे. मॅग्नेटो एक नंबर, पन ॲक्सल तुटला. कबाडातल्या मोटारीचाही तुटलेलाच निघाला, मॅग्नेटो तं तिच्यात नव्हताच. दीड महिना झाला, साहेब रोज सकाळी मोटारीत बसते, भोंगा वाजवते अन् उतरते. गावाले वाटते, कुठूनतरी येऊन राह्यले.

तुह्या कनगीत ॲक्सल आहे का? असन तं रहेमतुल्ला चाचाच्या हाती दे. त्याची सर्व्हिस मोटार चिखली-खामगाव करते, तुह्या दारावरूनच जाते. खामगावात माह्या गौसिया खालाकडे तो टाकन. खाला बांगड्या घेऊन रोहिणखेडले येतेच, नाही तं मोताळ्याच्या सर्व्हिसवर देईन. पन बोभाटा करू नको. साहेबाले कळलं का ॲक्सल किसनरावचा, तं मले हाकलतीन. अब्बा गेल्यापासून घरची चूल माह्याच हातावर आहे, तुले ठाऊक आहे.

तुह्या,
कय्यूम


उंद्री, ता. २ मे १९४३

कय्यूम्या,

ॲक्सल पोचला ना? कनगीत दोन होते. काकाले म्हनलं, एक वाकडा आहे, सरळ कराले खामगावले देतो. काका म्हने, "लवकर आन, तो माह्या आवडीचा आहे." माह्या काकाले ॲक्सलमंधीही आवडीचा-नावडीचा आहे पाह्य.

आता माह्यी अक्कल ऐक. तुह्या मोटारीले ॲक्सल माह्या, माह्या मोटारीले मॅग्नेटो तुह्या. तुह्ये साहेब मोटार कवा काढते? सोमवारी, बुलढान्याच्या कचेरीले. माह्ये काका कवा? गुरुवारी, खामगावच्या बाजाराले. तशाही पेट्रोलच्या कुपना तेवढ्याच. मंग एका मॅग्नेटोनं दोन दिवस भागत नाही काय बे? मंगळवारी तू धाड, शुक्रवारी मी वापस धाडतो. बसवताना कुठं कुठं जुळवाचं तिथं चुन्यानं निशानी करून दे. निशानीले निशानी लावली का झालं, एवढं मलेही जमते.

कोनाले कळाचं म्हनशीन तं काका बोनेट उघडून काय पाह्यते? काळ्या मेणकपड्यात बांधलेलं एक गाठोडं. पावसाचं पानी लागू नये म्हून त्याईनंच बांधाले लावलं. आत मॅग्नेटो आहे का मुंजोबा, हे कोन सोडून पाह्यते? रिकामी जागा दिसू नये एवढंच. त्याचा बंदोबस्त मी आजच केला. काकूचा वरवंटा मेणकपड्यात बांधून पाह्यला. तंतोतंत! काका आले, हात फिरवला, म्हने, "वा! याले शनवारी शनवारी तेल लावत जा."

तूही असंच काही शोध. घाबरू नको. फसलो तं मी म्हनीन, कय्यूमनं शिकवलं.

तुह्या,
उकंडा


रोहिणखेड, ता. २३ मे १९४३

उकंड्या,

तू जहन्नमात जाशीन अन् मले सोबत नेशीन. पन चाललं यार! तीन हप्ते झाले, दोन्ही मोटारी चालून राह्यल्या. मी मॅग्नेटोच्या जागी सत्यभामाबाईच्या खलाचा बत्ता बांधतो. लोखंडी आहे, वजनही तेवढंच. बाई घरभर शोधते. मी मान खाली घालून जेवतो.

साहेब इतके खूश आहेत का सोमवारी कचेरीत म्हनले, "अख्ख्या वऱ्हाडात आता आमच्यासारखा मॅग्नेटो उरला नाही. उंद्रीच्या त्या किसनरावची मोटार तं बैल वढते." मी म्हनलं, "हाव साहेब."

अन् हे काय, एकाएकी दोस्तीले एवढा रंग? मॅग्नेटोच्या गाठोड्यात तू कुरड्या पाठवल्या त्या पोचल्या. तळून खाल्ल्या. अम्मी म्हने, उकंडा असा नव्हता. खालाही दोन घेऊन गेली, जाताना काऊन कोन जाने, लय हासत होती.

कय्यूम


उंद्री, ता. २७ जून १९४३

कय्यूम्या,

कुरड्या ना? मीच पाठवल्या बे. म्हनलं दोस्त आहे, खाऊ दे. तुह्या अम्मीले सांग, उकंडा पहिलेपासूनच असा आहे, तिले दिसत नव्हतं.

अन् तू काय कमी आहे? या खेपेले मॅग्नेटो नव्याकोऱ्या खणात गुंडाळून धाडला. हिरवा, लाल काठाचा. तुह्यी खाला शौकीन दिसते, गाठोडं बांधाले खण वापरते. चिंधी लय कामाची निघाली. त्यानं सारं ग्रीस पुसलं. तवाच मागून काकू आली. माह्या हातातला खण पाहून उभीच राह्यली. मले वाटलं मेलो आता. पन ती निसती म्हने, "ते फडकं धुऊन देते, दे इकडे," अन् घेऊन गेली. बाईमानसाले मोटारीतलं काय समजते?

वरवंट्यासाठी मात्र रोज शेजारच्या रुखमाबाईच्या दारात जाते. मी म्हनतो, "काकू, कुत्र्यानं नेला असन." ती म्हने, "हाव. दोन पायाचं कुत्रं असन."

काकाचा थाट पाह्य. गुरुवारी बाजारात मोटार उभी करून लोकाईले म्हनते, "ऐका आवाज. असा मॅग्नेटो आता निजामातही नाही. रोहिणखेडवाल्याची मोटार तं अंगनात बसून निसती भोंगा वाजवते." अन् शनवारी वरवंट्याले तेल. मारुतीले लावत नाही तेवढं लावते. मी मागं उभा राहून हात जोडतो.

तुह्या,
उकंडा


रोहिणखेड, ता. ८ ऑगस्ट १९४३

उकंड्या,

हसनं बंद कर अन् हे नीट वाच.

खामगावहून साहेबाच्या सासऱ्याचं, शेषराव आजोबाचं कार्ड आलं. साहेबानं मोठ्यानं वाचलं. आजोबाले ऐंशी झाले. म्हनते, बैलाची जोडी म्हातारी झाली अन् मीही. यंदाचा पोळा माह्या हातचा शेवटचा, मंग सारं रामरावच्या हवाली. दोन्ही लेकी सोबत उभ्या राहून बैलाले पुरनपोळी चारतीन तवाच मी बैल घेऊन तोरनाखाली जाइन. एक आली अन् एक नाही, तं दोघीईनंही येऊ नये, हे घर त्याईले बंद.

असंच कार्ड उंद्रीले गेलं असन.

सत्यभामाबाई दारात उभी होती, तिचे डोळे पाहवत नव्हते. मंग साहेब म्हनले, "जाऊ. पन आपल्या मोटारीत जाऊ. मोटार नाही चालली तं मी त्या गल्लीत पाय ठेवनार नाही, किसनराव हासन."

पोळा ३० तारखेले, सोमवारी आहे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोनी जू ठेवत नाही. ना बैलाची दमनी जुपता येते, ना मोटार वढता येते. अन् सर्व्हिस मोटारीत कोंबड्यासोबत बसून हे दोघं सासुरवाडीले जातीन काय? म्हंजे दोन्ही मोटारी एकाच दिवशी चालल्या पाह्यजे. मॅग्नेटो एक.

एक मोटार बंद राह्यली का दोघी बहिनी मेल्यावरच भेटतीन. अन् ते माह्या माथ्यावर. मले अन्न गोड लागत नाही. कुरड्याही सरल्या.

कय्यूम


उंद्री, ता. १५ ऑगस्ट १९४३

कय्यूम्या,

कार्ड आलं. काकाचंही तेच बोलनं, अक्षर न् अक्षर. "मोटार चालली तं जाऊ." काकू दोन दिवस निसती कामाले लागली आहे. घर सारवलं, माह्ये कपडेही धुतले. मले भेव वाटते.

खरं सांगू, पहिल्यांदा वाटून राह्यलं का ही गंमत कराले नको होती. काकूले आठ वर्षांचा होतो तवापासून पाह्यतो. ती तोंडानं कधी काही मागत नाही.

पन अक्कल अजून मेली नाही. सोमवार तुह्या साहेबाचा वार आहे. तू मॅग्नेटो घाल अन् साहेबाले भल्या पहाटे काढ. आठले खामगावात पोच. साहेब चहाले आत गेले का मॅग्नेटो काढ, बत्ता बांध, अन् चाचाच्या नऊच्या सर्व्हिसवर दे. चाचाची मोटार कोळशावर चालते, अकराले तरी इथं येते. मी बसवतो अन् बाराले निघतो. काकाले अकरापर्यंत कसं थांबवाचं ते माह्याकडे लागलं.

वापस येताना काय, ते वापस येताना पाहू.

उकंडा


खामगाव, ता. ३० ऑगस्ट १९४३, पोळा

उकंड्या,

ही चिठ्ठी खालाकडे ठेवली. मॅग्नेटो चाचाच्या हाती दिला आहे, निशानी नवी केली. आठ वाजता पोचलो, साहेब आत आहेत. संध्याकाळी साहेब निघाले का बत्त्यावर मोटार चालवून दाखवाची काय? मी मलकापूरले मामूकडे जाऊन राह्यलो. मारलं तं दोघाचं एकट्यानं खा. दोस्ताले माफ कर.

कय्यूम


उंद्री, ता. ५ सप्टेंबर १९४३

भगोड्या कय्यूम,

मामूच्या घरी कोंबडी खाऊन राह्यला असशीन. इथं काय झालं ते ऐक, अन् घास घशात अडकला तं पानी पी.

पोळ्याच्या दिवशी काका आठ वाजताच फेटा बांधून तयार. म्हने, "मार हँडल." मी म्हनलं, "काका, दुसऱ्या पायात जोडा घाला ना." त्यायचा एक जोडा मी आदल्या दिवशीच कडब्यात लपवला होता. तीन घंटे सारं घर जोडा शोधून राह्यलं. सगळ्यात जास्त मीच शोधला. अकराले चाचाचा भोंगा वाजला, मी पळत जाऊन गाठोडं आनलं, बोनेट उघडलं, वरवंटा काढला, अन् मागून आवाज आला, "दे इकडे."

काकू. हात पुढं करून उभी. म्हने, "चार महिने झाले, रुखमाबाईचे टोमने ऐकून राह्यली. पुरनही तिच्याच वरवंट्यावर वाटलं. दे माह्या." मी दिला. ती म्हने, "तोंड काय पाह्यते? लाव लवकर तुह्या तो डबा. सत्यभामा सकाळपासून येऊन बसली असन."

माह्या हातातला पाना खाली पडला. मंग पाह्यलं, काकूच्या अंगात हिरव्या खणाची चोळी. लाल काठ. खांद्यावर ग्रीसचा काळा डाग, धुऊनही न गेलेला. कय्यूम्या, तो खण तू पाठवला नव्हता अन् कुरड्या मी पाठवल्या नव्हत्या. हो, मी खोटं बोललो. काकूले मे महिन्यातच वरवंटा मोटारीत भेटला. तिनं चाचाले गाठलं, गाठोडं कुठं जाते ते इचारलं, अन् माह्या पाठीमागं त्यात बहिनीसाठी कुरड्या घातल्या. त्या तू खाल्ल्या! पन तुह्यी खाला बांगड्या भराले गेली तवा तिनं सत्यभामाकाकूच्या कानात सारं सांगतलं. मंग तिकडून खण आला. त्यानं मी ग्रीस पुसलं! आपन दोघं समजत होतो का लोकाईले फसवून राह्यलो, अन् दोघी बहिनी आपल्याले बिनपगारी डाकवाले करून बसल्या. शेषराव आजोबाले कार्ड लिवाले लावनंही त्याईचंच. निरोप तुह्या खालानं पोचवला.

काकाचा जोडा मीच 'सापडवला'. तीन वाजता खामगाव. दोघी बहिनी समोरासमोर आल्या तं मले वाटलं रडतीन. नाही रडल्या. सत्यभामाकाकूनं चोळीवरच्या त्या काळ्या डागावर निसतं बोट फिरवलं अन् दोघी अशा हासल्या, अशा हासल्या का आजोबा आतून इचारे, "काय झालं वो?" मंग दोघींनी बैलाले ओवाळलं. एकीनं एकाले पोळी चारली, एकीनं दुसऱ्याले. आजोबा ताठ चालत तोरनाखाली गेले.

दोन्ही साडू ओसरीच्या दोन टोकाले. मधात एवढी जागा का अजून एक बैलजोडी बांधता आली असती. तोरन तुटलं, पोळा फुटला तसे दोघंही उठले. देशमुख म्हने, "आम्ही निघतो." काका भिताडाले म्हने, "आम्हीही."

मी हँडल मारलं, एका हिसक्यात आपली सुरू. काकानं मिशी पिळली, भोंगा वाजवला. तिकडे तुह्ये साहेब, "कय्यूम! कय्यूम!" कय्यूम कुठचा! मंग स्वतः कोट काढून हँडल माराले लागले. एकदा, दोनदा, दहादा. फेटा सुटला. सारी गल्ली जमा. काका आतूनच म्हने, "बैल पाह्यजे काय बैल?" कोनीतरी म्हने, "पोळा आहे किसनराव, आज बैल कुठचे?" तं काका म्हने, "अरे अरे! मंग इथंच राहन बिचारी."

मले वाटलं आता पुन्हा सात वर्षं गेली. माह्ये पाय मलकापूरकडे वळून राह्यलते, खरं सांगतो.

तेवढ्यात सत्यभामाकाकू खाली उतरली. म्हने, "अहो, जरा सरका." बोनेट वर केलं, गाठोडं सोडलं, बत्ता काढून नवऱ्याच्या हातात ठेवला. "हा माह्या खलाचा बत्ता. यानं मसाला कुटते, मोटार चालत नाही."

देशमुख बत्त्याकडे पाह्यते. "मंग मॅग्नेटो कुठं आहे?"

"तो काय, भाऊजीच्या मोटारीत भुरभुर करून राह्यला."

काका खाली उतरले. "अरे वा! माह्या मोटारीतला मॅग्नेटो माह्या..." तं गोजरकाकू म्हने, "तुमचा नाही. तुम्ही चार महिने माह्या वरवंट्याले तेल लावून राह्यले."

आजोबा ओसरीवर हासता हासता खोकलले. "दोन जावई, अन् दोघात मिळून एक मॅग्नेटो!"

दोघंही माह्याकडे वळले. मी एकटा, अन् माह्या दोस्त मलकापुरात. काकानं एक कानाखाली ठेवली. देशमुखानं हात उचलला, पन त्या हातात बत्ता होता म्हून थांबले, नाही तं आज हे पत्र तुले दुसऱ्यानंच लिवलं असतं.

मंग देशमुख म्हने, "म्हंजे उन्हाळ्यापासून तुमची मोटार माह्या मॅग्नेटोवर चालली?"

काका म्हने, "अन् तुमची माह्या ॲक्सलवर. आवडीचा होता तो माह्या."

दोघंही उभे. मंग देशमुखानं इचारलं, लय हळू, "घाटीत कशी चढते?"

"एका दमात," काका म्हने. "तुमची?"

"एका दमात." मंग म्हने, "कारबोरेटर आहे काय तुमच्याकडे एखादा?"

"दोन आहेत. ज्वारीत."

"ज्वारीत? ओल लागत नाही?"

"छट्! वरून निंबाचा पाला टाकतो."

"पाला!" देशमुखानं कपाळाले हात लावला. "हे मले सुचलंच नाही हो! माह्ये सारे पलंगाखाली गंजून राह्यले."

अन् बसले यार ओसरीवर, मांडीले मांडी लावून. एकानं बोटावर मोजले आपल्याकडचे पाटे, नळ्या, चाकाचे आरे. दुसऱ्यानं आपले. दिवे लागले, जेवनाचे पानं वाढले, तरी दोघायचं मोजनं सरेना. सात वर्षांपासून एकमेकाची कनगी अन् पलंग हेच मनात होतं, इचारावं कसं एवढंच समजत नव्हतं. कोनीच घरी गेलं नाही. तीन दिवस राह्यलो तिथं.

तुह्या भाकरीचं सांगतो. देशमुख म्हने, "कय्यूमले बोलवा. हाकलतो म्हनलं तं मोटार कोन पाहीन?" ये आता.

उकंडा


मलकापूर, ता. ११ सप्टेंबर १९४३

उकंड्या,

तुह्यं पत्र मामूले वाचून दाखवलं, मामी चुलीपाशी हासून हासून रडली. मी उद्या निघतो. पन आधी एक खरं लिव. साहेबाच्या हातात अजून बत्ता आहे काय?

अन् सत्यभामाबाईले सांग, कुरड्या मी खाल्ल्या. आता मनावर बोझ नको. लय चांगल्या होत्या.

कय्यूम


उंद्री, ता. १० ऑक्टोबर १९४३

कय्यूम्या,

हे शेवटचं पत्र, कारन दर पंधरवड्याले आपन भेटूनच राह्यलो, मंग शाई काऊन जाळू?

दोन मोटारीची मिळून तू जोडलेली एक मोटार परवा उंद्रीले आली. इंजिन काकाचं, दारं देशमुखाची, समोरचा दिवा एक त्याच्या घरचा अन् एक याच्या घरचा. अर्धी कोनाची, अर्धी कोनाची, हे आता तुलेही सांगता येत नसन. पंधरा दिवस उंद्री, पंधरा दिवस रोहिणखेड, अन् सोपवा-सोपवी खामगावात आजोबाच्या दारात. मोटार सोपवाले दोन्ही साडू लागते, अन् साडू आले का दोघी बहिनी आल्याच. काकूनं तं आता अमावास्या-पौर्णिमा पाहनंच सोडलं. मोटार कवा जाते तेवढंच इचारते.

उरलेल्या मोटारीचा सारा माल एकाच कनगीत घातला. निंबाचा पालाही बदलला.

काल काकूनं वरवंट्यावर तिळाची चटनी वाटली. चार महिन्याचं मोटारीचं तेल मुरलेलं, किती घासलं तरी वास जात नाही. मी घास घेतला अन् थांबलो. काकानं भाकरीवर चटनी घेतली, डोळे मिटले, म्हने, "आज चटनी एका दमात चढली."

अजून वाढ म्हने.

तुह्या,
उकंडा